हडळ नव्हे, चेटकीण. आणि तिचा चेट कोण?

प्रश्न असा: इंग्रजी चित्रपुस्तक मुलांना मराठीतून वाचून दाखवताना 'विच'ला हडळ म्हणावं, जादूगारीण म्हणावं की चेटकीण? आणि तिच्या मांजराला 'तो' म्हणायचं, 'ती' की 'ते'?

हडळ मुळीच नको. ऑक्टोबर सरत आला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये टोकदार टोपी घातलेल्या पोरींचं 'काय मस्त हडळ दिसतेय' असं कौतुक सुरू होतं. अहो, हडळ मेलेली असते! तिचे पाय उलटे, तिला ते पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घालणार कोण? चित्रातली बाई चांगली जिवंत आहे, रस्सा ढवळते, शिंकते. जखीणही नको, तो शब्द 'यक्षिणी'वरून झालेला आहे. जादूगारीण टोपीतून ससा काढते आणि तिकीट लावते. उरली चेटकीण. उत्तर संपलं.

पण चेटकीण म्हणजे चेटूक करणारी, आणि खरी गंमत चेटकातच आहे. संस्कृतात चेट किंवा चेटक म्हणजे नोकर. 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकात शकार नावाच्या खलनायकाची गाडी हाकणारा स्थावरक हा चेटच. मंत्राने एखादी शक्ती राबवून घ्यायची, तिला घरगडी करायचं, ते चेटूक. हे 'चेष्टे'वरून आलं असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी जरा कान द्यावा. ष्ट-ष्ठचा मराठीत बहुधा ठ होतो: दृष्टीची दिठी, पृष्ठाची पाठ, आणि याच धंद्यातली, मारायची ती मूठ, मुष्टीची. इष्टकेची वीट आणि षष्ठीची सटवी हे अपवाद आहेत, कबूल. पण अर्थ सरळ जुळणारा शब्द समोर उभा असताना अपवादाच्या दाराने कशाला शिरायचं?

माझ्या मताला खरी अडचण दुसरीकडे आहे, ती मीच सांगतो. दोन स्वरांमधला ट मराठीत ड होतो. घोटकाचा घोडा झाला, कीटकाचा किडा झाला. मग चेटकाचा चेडा व्हायला हवा. तर झालाच आहे! कोकणात चेडा हे भूत आहे, आणि मालवणीतली चेडू म्हणजे पोरगी त्याच घरातली. लोकांच्या तोंडून आला तो चेडा. मांत्रिकाच्या पोथीतून आलं म्हणून ट शाबूत राहिलेलं, ते चेटूक. एकाच चेटकाच्या दोन वाटा.

आता मांजराकडे पाहा. चेटकिणीच्या सोबतच्या प्राण्याला इंग्रजीत 'फॅमिलिअर' म्हणतात आणि आपले भाषांतरकार बेधडक 'परिचित' लिहितात. चेटकिणीचा परिचित! शेजारच्या वाड्यातले काका वाटतात. या शब्दाच्या मागे लॅटिन 'फॅम्युलस' आहे, म्हणजे नोकर. त्यावरून 'फॅमिलिया', घरातली नोकरमंडळी धरून सगळा बारदाना. म्हणजे तिकडेही नोकर, इकडेही नोकर. ते मांजर म्हणजे शब्दशः चेट. 1566 साली इंग्लंडात चेम्सफर्डच्या चेटकाच्या खटल्यात एलिझाबेथ फ्रान्सिस हिच्या अशाच मांजराची नोंद आहे. नाव सैतान, मुक्काम टोपलीत, खाणं दूध-पाव, शिवाय मालकिणीच्या रक्ताचा थेंब. रंग पांढरा, ठिपकेदार! चित्रकारांनी ते काळं करून टाकलं. तेव्हा 'काळंच असतं' असं मुलांना ठणकावून सांगू नका.

झाडूचंही इथेच उरकतो. 'चेटकीण केरसुणीवर बसून उडाली' हे वाक्य खोडा. शिंदीच्या पानांची केरसुणी ही लक्ष्मी, दिवाळीत तिला हळदकुंकू वाहतात, चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. तिच्यावर टांग टाकून बसणार? शिवाय ती वीतभर मुठीची, बसायला जागा कुठे? चित्रात असतो तो दांड्याला काटक्या बांधलेला झाडू. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे रस्ता झाडायचा लांब दांड्याचा खराटा. 'खराट्यावर बसून' म्हणा.

लिंगाचं राहिलंच. मांजर नपुंसकलिंगी, म्हणून 'चेटकिणीचं मांजर'. इंग्रजीत 'ही' असेल तर बोका. पण बोका म्हटलं की कान फाटलेला, गुरगुरणारा धटिंगण डोळ्यांसमोर येतो, चित्रात जर मुठीएवढं पिल्लू असेल तर फसेल. 'शी' असेल तर भाटी हा अस्सल शब्द आहे, पण पोरं 'म्हणजे काय' विचारून गोष्ट थांबवतील. सरळ मनी म्हणा. काहीही ठरवा, ते पहिल्या पानाआधी ठरवा. चौथ्या पानावर 'ते झोपलं' आणि बाराव्यावर 'तो उठला' झालं की मूल लगेच विचारतं, दुसरं मांजर कुठून आलं?

आणि लिहून घेणार असाल तर 'चेटकीणीचं' नव्हे. मैत्रीण-मैत्रिणीचं, तसं चेटकीण-चेटकिणीचं. कि ऱ्हस्व.