कॅन्सरची लाईट (रेडिएशन) संपून चार वर्षं झाली, तरी संडासची घाई का?

प्रश्न: माझं वय 56. चार वर्षांपूर्वी गुदद्वाराचा कॅन्सर निघाला, त्याआधी सहा महिने मूळव्याध समजून मलम लावत बसले होते. 28 दिवस लाईट घेतली, सोबत केमो, ऑपरेशन लागलं नाही. रिपोर्ट क्लिअर आहेत. पण घाई लागली की दोन मिनिटं धरवत नाही, एसटीने माहेरी जाणंच बंद केलंय. मधूनच रक्ताचा थेंब दिसतो. नवऱ्याजवळ गेलं की दुखतं. कॅन्सर परत आला असेल का?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर: ताई, हा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, तो काळ तुमचा गेलाय. रक्त मात्र दाखवाच. लाईटमुळे आतल्या अस्तरावर नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात, त्या जराशा घासल्या तरी रक्त येतं, बऱ्याचदा कारण तेच निघतं. पण दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना "इथे लाईट घेतलीय" हे आधी सांगा, कारण त्या जागेचा तुकडा उगाच काढला तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

आता घाई. गुदाशय म्हणजे एक लवचिक पिशवी, लाईटनंतर ती कडक होते, थोडं साठलं तरी लगेच बाहेर ढकलते आणि धरून ठेवणारा स्नायूही थोडा ढिला पडतो. म्हणजे हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. इसबगोलने शौच बांधून येतं, प्रवासाआधी लोपेरामाईड हे जुलाब थांबवणारं औषध घेता येतं (डोस डॉक्टरांना विचारून), आणि पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी करा, तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

दुखतं त्याचं कारणही लाईटच, योनीमार्ग कोरडा आणि अरुंद होतो. डायलेटर (योनीमार्ग हळूहळू रुंद करणारी गुळगुळीत कांडी) खरं तर ट्रीटमेंट संपल्यावर लगेच द्यायला हवा होता, पण आताही सुरू करता येतो, सोबत लुब्रिकंट, म्हणजे ओलावा देणारं जेल. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जालच तर पॅप टेस्टही (गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी) करून घ्या, कारण या कॅन्सरमागे बहुतेक वेळा असणारा एचपीव्ही व्हायरस गर्भाशयाच्या तोंडाचाही कॅन्सर करतो. आणि कंबर किंवा जांघ नव्याने दुखायला लागली तर नुसता बाम चोळत बसू नका, लाईटने तिथली हाडं ठिसूळ होऊन बारीक तडा जाऊ शकतो.

1974 मध्ये डेट्रॉईटच्या डॉ. नॉर्मन नायग्रोंनी केमो आणि लाईट एकत्र देऊन गाठ विरघळते हे दाखवलं, त्याआधी सरसकट गुदद्वार काढून पोटावर कायमची शौचाची पिशवी लावायचे. ती वेळ तुमच्यावर आली नाही. पण पिशवी टळली म्हणून बाकीचं निमूट सोसा, असं कोणी म्हणत असेल तर मला पटत नाही. डॉक्टर फॉलोअपला गाठ तपासतात, संडासचं विचारतीलच असं नाही, आणि आपणही लाजतो. म्हणून आठवडाभर कागदावर लिहा: दिवसातून किती वेळा, किती मिनिटं धरवलं, कपडे कधी खराब झाले, रक्त कधी दिसलं. बोलायला लाज वाटली तर तो कागद नुसता पुढे सरकवा.