मोजे घालून घातलेली वेणी

शोभाताई (नाव बदललं आहे) पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या तेव्हा ऐन मे महिना होता आणि त्यांच्या हातांत लोकरीचे मोजे होते. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. संधिवाताच्या ओपीडीत मी समुपदेशनाचं काम करते. सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या, म्हणजे कातडी ताठ होत जाणाऱ्या आणि आतल्या अवयवांनाही धरणाऱ्या आजाराच्या, बायकांना हात ऊबदार ठेवा, मोजे घाला, असं आम्हीच सांगत असतो.

वय ३८. नाशिक जिल्ह्यातलं खेडं, घरची थोडी शेती. दोन हिवाळ्यांपूर्वी पहाटे हौदावर भांडी घासताना बोटं पांढरीफटक पडली, मग निळी झाली आणि चुलीजवळ धरल्यावर लालबुंद होऊन ठणकायला लागली. पुढे बोटं सुजली, बांगड्या चढेनात. मग हातांचं, दंडांचं, छातीचं कातडं ताठ होत गेलं. डॉक्टर अंगावर १७ ठिकाणी कातडी चिमटीत धरून बघतात आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. त्यांच्या बोटांवरची कातडी चिमटीत येतच नव्हती. भाकरीचा घास नेहमीसारखा घेता येईना इतकं तोंड आवळलं होतं.

त्यांनी मला एकच विचारलं, "मॅडम, हा लागणीचा रोग हाये का?"

मी "नाही, अजिबात नाही" म्हटलं आणि पुढे वीस मिनिटं आजार समजावत बसले. त्या मान हलवत राहिल्या. समुपदेशकाची ही चूक मी आजवर अनेकदा केली आहे. प्रश्नाचं उत्तर दिलं, पण तो प्रश्न कुठून आला ते विचारलंच नाही.

महिन्याभराने नवरा बरोबर आला. शोभाताई रक्त द्यायला गेल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, हिनं ताटवाटी वेगळी केलीये. पोरीची वेणीसुद्धा मोजे घालून घालते. घरात कोणी काही बोललं नाही, तिनंच ठरवलंय." गावात मात्र कोणीतरी बोललं होतं. आखडलेली बोटं आणि बोटांच्या टोकांवरच्या जखमा बघून शेजारणीने 'महारोग', म्हणजे कुष्ठरोग, हा शब्द उच्चारला होता.

म्हणजे ते मोजे थंडीसाठी नव्हतेच.

या वेळी मी त्यांना आधी मोजे काढायला लावले आणि त्यांचे हात माझ्या हातांत घेऊन बोलले. तुमच्या आजारात जंतू नाही, म्हणून लागण होण्यासारखं काहीच नाही. आपलं रक्षण करणारी शरीराची यंत्रणा बिघडते आणि आपल्याच अंगावर उलटते. बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि जखम भरून काढायला जो चिवट धागा, म्हणजे कोलॅजन, शरीर एरवी मापात तयार करतं तो बेसुमार तयार होऊन कातडीत साठतो. फुप्फुसातही साठू शकतो. कुष्ठरोगात चट्ट्याची संवेदना जाते. तुमच्या बोटाला गार पाणी लागलं तरी तुम्ही कळवळता. आणि कुष्ठरोग असता तरी ताट वेगळं करायची गरज नव्हती. तो ६ ते १२ महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि औषध सुरू झालं की लवकरच त्याचा प्रसार थांबतो. हे मी मुद्दाम सांगते. एका रुग्णाची भीती घालवताना दुसऱ्याच्या माथी कलंक मारायचा नसतो.

पुढच्या खेपेला मी लेकीलाही बोलावलं. नऊ वर्षांची, चौथीतली. शोभाताईंनी माझ्या खोलीत, उघड्या हातांनी, तिची वेणी घातली. बोटं वळत नव्हती, पेड सुटत होते, एका वेणीला दहा मिनिटं लागली. पोरगी सारखी म्हणत होती, "आई, ओढू नको ना." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

वेणी झाल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला. "हिला होईल का?" याला मी सरळ 'नाही' म्हणू शकत नाही. घरात एकाला असेल तर इतरांना होण्याची शक्यता थोडी वाढते. पण अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा १०० कुटुंबांमागे जेमतेम एक-दोन कुटुंबांतच दुसरा रुग्ण सापडला होता. लेकीच्या तपासण्या आत्ताच करत बसायची गरज नाही. बोटं रंग बदलायला लागली तर दाखवा, एवढंच सांगितलं.

मग पुतण्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ निघाला, 'माणूस दगड होतो' असा. त्यांचा आजार डिफ्यूज, म्हणजे हातांपुरता न राहता दंड-छातीपर्यंत पसरणाऱ्या प्रकारचा आहे, हा प्रकार जास्त त्रासाचा, हे मी लपवलं नाही. पण यात कातडी साधारण पहिली काही वर्षंच घट्ट होत जाते, नंतर पुष्कळांची ती हळूहळू सैल पडते. जपायचं ते आतल्या अवयवांना. त्यांच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसावर थोड्या खुणा होत्या, त्यासाठी मायकोफेनोलेट हे उलटलेल्या यंत्रणेला आवर घालणारं औषध सुरू झालं. फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी आणि हृदयाचा इको, दोन्ही ठरल्या वेळी करायचेच, दम लागत नसला तरी.

दोन गोष्टींसाठी मात्र मी हटून बसले. एक मशेरी. सकाळ-संध्याकाळ त्या मशेरी लावत होत्या आणि त्यात काही वावगं असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तंबाखूतलं निकोटीन आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतं, बोटांच्या जखमा मग भरत नाहीत. दुसरी, सांधे दुखले की बाजाराच्या गावातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. या आजारात, विशेषतः पहिल्या काही वर्षांत, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने रक्तदाब एकाएकी भडकून मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढतो. वेळेत कळलं तर त्यावर एसीई इन्हिबिटर गटातली, रक्तदाब उतरवणारी औषधं आहेत. ती नव्हती तेव्हा यातून वाचणारे फार थोडे होते. पण कळायला रक्तदाब मोजला पाहिजे.

नवऱ्याने यंत्र घेतलं. लेक दर रविवारी आणि बुधवारी मोजते आणि गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. गेल्या भेटीत शोभाताईंनी ती वही माझ्यापुढे ठेवली. शेवटची नोंद ११८/७६. वरचा आकडा कधी १४० च्या पुढे गेला, किंवा नेहमीपेक्षा ३० ने वाढला, तर त्याच दिवशी फोन करायचा, हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून दिलं. लेकीने ते वाचलं आणि विचारलं, "रात्री वाढलं तर?"

मी खाली तातडीच्या विभागाचा नंबरही लिहिला.