सायकल चालवताना हँडल सोडलं की लगेच तोल जातो, माझ्यात हिंमत कमी आहे का?

हिमतीचा इथे काडीचा संबंध नाही. आधी सायकल तपासा. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि सायकल जराशी एका अंगाला कलती करा. हँडल आपोआप त्या बाजूला वळायला हवं. मधोमध अडून बसलं तर दोष तुमचा नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे नाशिकच्या गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे, माझा मोठा भाऊ दोन्ही हात खिशात घालून पुढे जायचा आणि मागे वळून ओरडायचा, "वेग वाढव! चाक भोवऱ्यासारखं फिरलं की पडत नाही. तू घाबरतेस." घरी आईसमोर पुन्हा तेच, वर "मुलींना नाही जमत". मी वेग वाढवला आणि ढोपरं फोडून घेतली. सायकल त्याचीच जुनी, मला मिळालेली.

शेवटी पंचवटीतल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हँडल काढून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपायी भाग, खाली ओढला. ग्रीस वाळून काळी पापडी झालेली. हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या खालच्या वाटीत छर्ऱ्यांनी ओळीने खड्डे पाडलेले, चाक सरळ झालं की प्रत्येक छर्रा आपापल्या खड्ड्यात जाऊन बसायचा. आता सायकल सावरणार कशी? ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पुढचं चाक स्वतःहून वळतं, म्हणून ती पडत नाही. माझं चाक वळतच नव्हतं. वाट्या-छर्रे बदलले आणि त्याच संध्याकाळी मी हात सोडून कॉलनीला फेरी मारली.

भोवऱ्याचा थोडा वाटा असतो, मान्य. पण २०११ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात संशोधकांनी एक सायकल मांडली होती. उलटी फिरणारी चाकं जोडून तिच्यातला भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ पुसून टाकला होता, तरी ढकलून दिल्यावर ती बिनस्वाराची सावरत गेली. भावाला हे सगळं पाठवलं. तो अजून वेगावरच अडून आहे. वेग लागतो, रांगत्या सायकलवर कुणालाच जमणार नाही, पण अडकलेलं हँडल वेगाने सुटत नाही आणि त्यात मुलगा-मुलगी तर अजिबात येत नाही.

बाकी करायचं ते इतकंच: पाठ ताठ, वजन मागे सीटवर, पायडल चालू. आधी नुसती बोटं टेकवून चालवा. वळायचं कमरेने.

आणि हो, हे कॉलेज रोडला किंवा त्र्यंबक रोडला करू नका, हात ब्रेकवर जाईपर्यंत रिक्षा आडवी आलेली असते. पुढे बास्केटमध्ये दप्तर असेल तर काढून ठेवा. चिमटा वाकलेला असेल तर मात्र वाट्या बदलूनही उपयोग नाही, सायकल एका बाजूलाच ओढत राहील. तुमचा तोल दरवेळी एकाच बाजूला जातो का, तेवढं बघून कळवा.