मार्गदर्शक निवडताना एच-इंडेक्सवर किती विसंबावे?

सांगलीहून एका वडिलांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांची मुलगी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफसह (म्हणजे संशोधनासाठीच्या कनिष्ठ शिष्यवृत्तीसह) उत्तीर्ण झाली आहे. पीएच.डी.साठी तिच्यापुढे दोन मार्गदर्शक आहेत. एक ज्येष्ठ प्राध्यापक आहेत, त्यांचा एच-इंडेक्स (शोधनिबंध आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले यांवरून काढलेला आकडा) 52. दुसरे ऑर्गनोमेटॅलिक रसायनशास्त्रात (कार्बन आणि धातू यांचे बंध असलेल्या संयुगांच्या शाखेत) काम करणारे तरुण प्राध्यापक, त्यांचा 13. वडिलांनी गुगल स्कॉलरवरून दोघांच्या शोधनिबंधांचा आणि सायटेशन्सचा (इतरांनी केलेल्या उल्लेखांचा) तक्ता करून पाठवला आहे. मुलगी तरुण प्राध्यापकांकडेच जायचे म्हणते, तिची समजूत कशी घालावी, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आपला तक्ता मी नीट पाहिला; परंतु पत्रातील एका वाक्यापुढे मला त्याचे काही वाटेनासे झाले. 'तिच्या ईमेलवरून ज्येष्ठ सरांना मीच होकार कळवून टाकला आहे,' असे आपण लिहिता. जेआरएफ तिने स्वतःच्या अभ्यासावर मिळवली आहे, पुढची पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत तिलाच उभे राहायचे आहे आणि ज्या नात्यावर ही सारी वर्षे तोलली जाणार, त्या नात्यातला पहिला शब्दच तिचा नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. आपली काळजी खरी आहे याबद्दल मला शंका नाही, तरीही हे आपण करायला नको होते. तिने आता स्वतः त्या प्राध्यापकांना पत्र लिहून निर्णय अजून झालेला नाही हे स्पष्ट कळवावे.

आता एच-इंडेक्सविषयी. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 साली सुचवलेल्या या मोजमापाचा अर्थ एवढाच की, 13 एच-इंडेक्स असलेल्या संशोधकाचे 13 शोधनिबंध प्रत्येकी किमान 13 वेळा उद्धृत झाले आहेत. हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि सहसा कमी होत नाही, मोठ्या गटाला तो लवकर वर नेतो, आणि आढावालेखांना भरपूर सायटेशन्स मिळत असल्याने त्यांचाही त्यात मोठा हात असतो. त्यामुळे आपल्या तक्त्यात बऱ्याच अंशी दोन माणसांच्या वयातले आणि गटांच्या आकारातले अंतर मोजले गेले आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांचेच उदाहरण घ्या. 1968 साली, एका रसायन कंपनीत नोकरी करत असताना, त्यांनी जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटीमध्ये पॅलेडियम या धातूच्या रसायनावर ओळीने सात शोधनिबंध एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केले. पॅलेडियमच्या मदतीने कार्बन-कार्बन बंध जोडणाऱ्या हेक अभिक्रियेचा पाया त्यांत आहे आणि आपल्या मुलीने ती अभिक्रिया अभ्यासक्रमात शिकलेली असणार. समजा हेक यांनी आयुष्यभरात फक्त हेच सात निबंध लिहिले असते, तर जगाने ते कितीही वेळा उद्धृत केले तरी त्यांचा एच-इंडेक्स 7 च्या पुढे गेला नसता. आपल्या तक्त्यात त्यांचे नाव तरुण प्राध्यापकांच्याही खाली आले असते. पुढे संशोधनाचा निधी आटल्यावर 1989 मध्ये ते डेलावेअर विद्यापीठातून निवृत्त झाले, आणि नोबेल मिळाले ते 2010 मध्ये, नेगिशी आणि सुझुकी यांच्यासमवेत. शिवाय जे काम सर्वांच्या रोजच्या वापरातले होऊन जाते, त्याचे सायटेशन पुष्कळदा थांबतेच: ग्रिन्यार्ड रिएजंट हे मॅग्नेशियमयुक्त अभिकारक रोज वापरणारा कोणता विद्यार्थी 1900 सालच्या मूळ निबंधाचा उल्लेख करतो?

ऑर्गनोमेटॅलिक शाखेत निबंधांची गती संथ असण्याचे आणखी एक साधे कारण आहे. यातील कित्येक संयुगे हवा आणि ओल लागताच बिघडतात, म्हणून आरगॉन किंवा नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, जाड रबरी हातमोज्यांतून, कणाकणाने काम करावे लागते, आणि क्ष-किरण रचना काढण्याजोगा एक स्फटिक मिळायला कधी कधी महिने जातात. आपल्या चार पानी पत्रात मुलीचे स्वतःचे असे एकच वाक्य आहे: उन्हाळी प्रकल्पात ग्लोव्ह बॉक्सवर काम करताना तिला वेळेचे भान राहत नसे. आपण ते तिच्या हट्टाचा नमुना म्हणून लिहिले आहे. माझ्या मते निर्णयाला उपयोगी पडेल अशी तीच एक माहिती त्या चार पानांत आहे.

याचा अर्थ कमी आकडा म्हणजे चांगला मार्गदर्शक, असा मुळीच नाही. ज्येष्ठ प्राध्यापक तिच्यासाठी अधिक योग्यही ठरू शकतील. परंतु ते प्रयोगशाळेत जाऊन पाहावे लागेल, आणि तिने एकटीने जाऊन पाहावे. दोन्ही गटांतल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना तिने मार्गदर्शकांच्या गैरहजेरीत भेटावे. मागच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला किती वर्षे लागली, निबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, प्रयोग फसला तर सर त्यावर बसून बोलतात का, ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत, तरुण प्राध्यापकांचा प्रकल्पनिधी कधी संपतो, हे सारे तिने विचारावे. पैशांची चिंता आपण तूर्त बाजूला ठेवावी. जेआरएफची पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपयांची तरतूद आहे.

मुलीची समजूत कशी घालावी, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. यापुढचे पत्र तिने स्वतः लिहावे, आणि तिच्या ईमेलचा पासवर्ड आपण तिला आजच बदलू द्यावा.