अभिसंधान: यातली अट कुठे गेली?

बारावीतल्या मुलीचा मानसशास्त्राचा अभ्यास घेताना एका वाचकाला ‘अभिजात अभिसंधान’ (इंग्रजीत ‘क्लासिकल कंडिशनिंग’) अडलं. कुत्र्याला लाळ सुटते यात अभिजात काय, आणि सरळ ‘सवय’ म्हटलं तर काय बिघडलं, असं ते विचारतात.

अभिसंधान वाटतं तितकं परकं नाही. ‘अमक्याने इंग्रजांशी संधान बांधलं’ हे शाळेच्या इतिहासात सगळ्यांनी वाचलंय. संधान म्हणजे सांधणं. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलॉवच्या पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत ठोका आणि खाणं सांधलं जात होतं. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नलिका शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणलेली, त्यामुळे लाळेचे थेंब मोजता यायचे. मेट्रोनोमचे (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचे) ठोके, लगेच खाणं, असं पुष्कळदा झालं की पुढे नुसत्या ठोक्यांवरच थेंब पडू लागत. (गोष्टीत नेहमी घंटाच वाजते, का कोण जाणे.) इथे ‘सवय’ बसत नाही. लाळ गाळायला कुत्र्याला कुणी शिकवलं नव्हतं, ती आधीपासून सुटतच होती. नवीन होती ती ठोक्याशी जोडणी.

खरी गंमत रशियनमध्ये आहे. पावलॉवचा शब्द ‘उस्लोव्नी रेफ्लेक्स’. रेफ्लेक्स म्हणजे प्रतिक्षेप, आपोआप होणारी क्रिया. ‘उस्लोविये’ म्हणजे अट, म्हणून उस्लोव्नी म्हणजे सशर्त. खाणं तोंडात पडलं की सुटणारी लाळ बिनशर्त, ठोक्यावरची मात्र अटीची. ठोक्यामागून खाणं यायचं थांबलं की तीही हळूहळू आटते. इंग्रजीत जाताना या विशेषणाचं ‘कंडिशन्ड’ असं भूतकाळवाचक रूप झालं, आणि कुणीतरी कुत्र्याला ‘घडवून’ ठेवलंय असा भास आला. ‘कंडिशन्ड’साठी आपण ‘अभिसंधित’ म्हणतो, त्यातला ‘इत’ त्या इंग्रजी रूपाचाच. एरवी मला ‘सशर्त प्रतिक्षेप’ जास्त आवडला असता. पण संस्कृत कोश उघडला तर अभिसंधानाला तह, करार असाही अर्थ सापडतो. म्हणजे अट मागच्या दाराने आत आलीच म्हणायची! त्याच नोंदीत ‘फसवणूक’ हाही अर्थ आहे. कुत्र्याला विचारलं तर तो बहुधा हाच निवडेल.

‘अभिजात’ मात्र मला पटत नाही. इंग्रजीतलं ‘क्लासिकल’ हे विशेषण कोशात पाहून उतरवलंय, झालं. नंतर अभिसंधानाचे दुसरे प्रकार निघाले, तेव्हा या आधीच्या प्रकाराला वेगळं नाव लागलं, एवढाच त्याचा अर्थ. अभिजात भाषा, अभिजात संगीत यांच्याशी काही नातं नाही. ‘मूळ अभिसंधान’ पुरलं असतं.

पावलॉवला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. खाणं तोंडात पडण्याआधीच सुटणाऱ्या रसांना तो सुरुवातीला ‘मानसिक स्राव’ म्हणायचा. मुलीला हे समजावताना ‘तोंडाला पाणी सुटणं’ म्हणा, चिंचेचं नाव काढा. उत्तरपत्रिकेत मात्र तिने अभिजात अभिसंधानच लिहावं, गुण त्यालाच आहेत.