बुद्ध वाचायचेत, पण सुरुवात कुठून करू?

या वेळी बुद्धांबद्दलचीच पत्रं जास्त आलीत, बुद्धपौर्णिमेचा परिणाम असणार. चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून एकत्रच घेतोय.

प्रश्न : नमस्कार. मी साताऱ्याजवळ राहतो, वय 36, बँकेत नोकरी. घरात सणवार, देवधर्म सगळं रीतसर, बुद्धांचं नाव फक्त शाळेच्या इतिहासात वाचलेलं. मध्यंतरी ऑफिसच्या ग्रुपबरोबर अजिंठ्याला गेलो, गाईडने भराभर जातककथा सांगितल्या आणि डोक्यात भुंगा लागला. आल्यावर धम्मपदाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं, टिपांसकट, आणि तिथेच अडकलोय. कुणी म्हणतं सरळ त्रिपिटक वाच, कुणी म्हणतं झेन वाच, यूट्यूबवर तर प्रत्येकाचा बुद्ध वेगळा. साध्या माणसाला झेपेल असं मराठीत काय आहे? आणि हे वाचायला बौद्ध व्हावं लागतं का?

उत्तर : शेवटचं आधी घेऊ. नाही, व्हावं लागत नाही. मराठीत बुद्धांवर ज्यांनी सगळ्यात जास्त काम केलं ते धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळ गावचे, सारस्वत घरातले, नारळीच्या बागा सांभाळणारे, शाळा फारशी झालेली नाही. त्यांना बुद्ध पहिल्यांदा भेटले ते ‘बालबोधमेवा’ नावाच्या लहान मुलांच्या मासिकात, आणि ते मासिक कोण काढायचं तर अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी! म्हणजे हिंदू घरातला तरुण, ख्रिस्ती लोकांचं मासिक, आणि त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र. तेवढ्यावर हा माणूस 1899 च्या अखेरीस घर सोडून निघाला, पुण्यात संस्कृत, मग काशी, नेपाळ, 1902 मध्ये सिलोन, तिथे पाली म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांची भाषा शिकला आणि पुढे हार्वर्डपर्यंत जाऊन पोचला. तुम्हाला एवढं काही करायचं नाहीये, निवांत वाचा.

आता पुस्तकांचं. धम्मपद हे सुरुवातीचं पुस्तक नाही असं माझं स्पष्ट मत आहे, लोक रागावतील पण असू दे. बुद्धवचनांच्या 423 गाथा म्हणजे श्लोक, 26 वर्ग, आणि कुठली गाथा कुणाला, कधी, कशावरून सांगितली त्याचा मूळ पुस्तकात पत्ताच नाही, त्या गोष्टी नंतरच्या अट्ठकथेत म्हणजे टीकाग्रंथात आहेत. त्यामुळे सलग वाचायला बसलं की सगळं चांगलंचुंगलं वाटतं आणि पान उलटलं की विसरायला होतं. रोज एखादी गाथा वाचायला मात्र उत्तम, तेव्हा पुस्तक टाकू नका, बाजूला ठेवा. आणि जो तुम्हाला त्रिपिटक वाच म्हणाला त्याला विचारा की बाबा तू कितवा खंड वाचतोयस, कारण भिक्खू जगदीश काश्यपांनी नालंदाहून देवनागरीत मूळ पाली त्रिपिटक छापून घेतलं ते 41 खंडांत आहे. त्रिपिटक म्हणजे मूळ बौद्ध ग्रंथांचा सगळा संग्रह, ती एक अख्खी लायब्ररी आहे.

माझ्या मते तुम्ही कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घ्या. 1940 च्या सुमारास लिहिलेलं आहे, भाषा जुनी पण रोखठोक. फक्त पहिल्या पानापासून सुरू करू नका. सुरुवातीला आर्य, सोळा महाजनपदं, त्या काळातले श्रमणपंथ म्हणजे संन्याशांचे पंथ असं बरंच येतं आणि नवखा माणूस तिथेच गारद होतो. थेट चौथं प्रकरण उघडा, ‘गोतम बोधिसत्त्व’, मग पाचवं आणि सहावं, आणि मग सरळ शेवटचं, ज्यात बुद्धांची दिनचर्या आहे, म्हणजे सकाळी भिक्षेला कधी जायचे, कुणाशी काय बोलायचे, पावसाळ्यात कुठे राहायचे वगैरे. तेवढं वाचून झालं की बुद्ध हा चालता बोलता माणूस वाटायला लागतो आणि मग आत्मवाद, यज्ञयाग, जातिभेद ही मधली प्रकरणं आपोआप वाचाविशी वाटतात. मांसाहारावरच्या प्रकरणावरून तेव्हा मोठं वादळ झालं होतं, तेही वाचा, पण पहिल्या झटक्यात नको.

हेच पुस्तक का, तर हा लेखक प्रत्येक गोष्टीला हे कुठल्या सुत्तात, म्हणजे त्रिपिटकातल्या कुठल्या उपदेशात आहे ते सांगतो, आणि जिथे नाही तिथे ही नंतरची भर आहे असं सरळ लिहून मोकळा होतो. आजची गुळगुळीत कागदाची, कमळाच्या कव्हरची पुस्तकं बघा, नव्वद टक्के ठिकाणी ‘बुद्ध म्हणाले’ असतं आणि कुठे म्हणाले ते नसतं. पहिलं पुस्तक निवडताना मी एवढी एकच गोष्ट बघेन. कोसंबी 1947 साली गेले, कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे नेटवर फुकट मिळतं, त्यात काही चोरी नाही.

झेनचं म्हणाल तर ते चीन आणि जपानमध्ये वाढलेलं, महायान या नंतरच्या बौद्ध पंथातलं झाड आहे, सुंदर आहे, पण मूळ काय ते थोडं माहीत असेल तरच त्यातल्या गमती कळतात. नंतर.

प्रश्न : जय भीम. आमच्या विहारात दर वर्षावासात म्हणजे पावसाळ्यात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं, मी लहानपणापासून ऐकतेय. माझी मुलगी आठवीत आहे. तिने मोबाईलवर कार्टून बघितलं, त्यात सिद्धार्थ म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघतो आणि रात्री बायको मूल झोपेत सोडून जातो. विहारात तर रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण सांगतात. ती सारखी विचारते, मम्मी खरं काय? माझी आई म्हणते ग्रंथात आहे तेच खरं, विषय संपला. मला मुलीला गप्प नाही करायचं पण मला स्वतःलाच नीट माहीत नाही. तिच्यासाठी आणि खरं तर माझ्यासाठीच काय वाचू?

उत्तर : जय भीम ताई. मुलगी हुशार आहे, तिने जो प्रश्न विचारलाय त्याच प्रश्नाने बाबासाहेबांनी ग्रंथाची सुरुवात केलीय. बहुतेक ठिकाणी वाचन पहिल्या खंडापासून सुरू होतं आणि प्रस्तावना तशीच राहून जाते, ती आज काढून वाचा, अगदी थोडकी आहे. त्यात त्यांनी चार अडचणी मांडल्यात : बुद्धांनी परिव्रज्या का घेतली म्हणजे घर का सोडलं, चार आर्यसत्यं मूळ शिकवणुकीतली आहेत का, आत्मा नाही म्हणता तर कर्म आणि पुनर्जन्माचं काय, आणि भिक्खू नेमका कशासाठी. पहिल्याच अडचणीत ते विचारतात की 29 वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी, मेलेला माणूस बघितलाच नव्हता हे कसं पटायचं? बरोबरच आहे की, शेती असलेल्या गणराज्यातला मुलगा, त्याला म्हातारपण माहीत नाही?

मग चार दृश्यं आली कुठून? त्रिपिटकातल्या सुत्तांच्या संग्रहांना निकाय म्हणतात, त्यातल्या दीघनिकायात महापदान सुत्त आहे त्यात ती गोष्ट येते, पण ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाबद्दल, गौतमाबद्दल नाही. कोसंबींनी हे दाखवून दिलंय. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की मी तरुण होतो, केस काळे होते, आईवडील रडत होते, त्यांची इच्छा नव्हती, तरी मी मुंडण करून कषाय वस्त्रं घातली आणि निघालो. आईवडील समोर रडतायत म्हणजे रात्रीतून गुपचूप पळून जाणं कुठे राहिलं! आणि सुत्तनिपातात अत्तदण्ड सुत्त आहे, त्यात ते म्हणतात की कमी पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांविरुद्ध धडपडताना बघितली आणि मला भय वाटलं.

बाबासाहेबांच्या ग्रंथात या भांडणाचीच सविस्तर हकिगत आहे. शाक्य आणि कोलीय, मध्ये रोहिणी नदी, पाण्यावरून मारामारी, शाक्यांच्या संघाची सभा, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, बहुमत विरुद्ध जातं आणि तो परिव्रज्या पत्करतो. मुलीला तुम्ही असं सांगू शकता की कार्टूनवाली गोष्ट खूप नंतर रंगवलेली आहे, म्हातारपण, आजार, मरण याचा विचार बुद्धांनी केला हे खरंच आहे, सुत्तांत तसं येतं, पण तो एका दिवसात रथात बसून झाला नाही. आणि रोहिणीची हकिगत बाबासाहेबांनी जुन्या साहित्यातले धागे घेऊन आणि आपली बुद्धी लावून मांडलीय. आठवीतल्या मुलीला एवढं समजतं, आपण उगाच घाबरतो.

आजीलाही दुखवायची गरज नाही. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय की चौथी इंग्रजी पास झाल्यावर वस्तीतल्या लोकांनी समारंभ केला, दादा केळुसकर अध्यक्ष होते, त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र बक्षीस दिलं, आणि ते वाचून या मुलाने वडिलांनाच जाब विचारला की तुम्ही आम्हाला रामायण महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध साहित्य का नाही दिलं? म्हणजे तेव्हाही घरात प्रश्न विचारणारं पोरच होतं. आजीला ही गोष्ट सांगा, ती हसेल बघा.

पुस्तकं म्हणाल तर मुलीला गोष्टींसाठी कोसंबींचं ‘बुद्धलीलासारसंग्रह’ द्या, 1914 चं आहे, परंपरेतल्या कथा एकत्र केल्यात, किसागोतमी, अंगुलिमाल वगैरे, तुम्ही वाचून दाखवलंत तर अजून चांगलं कारण भाषा तिला अडेल. तुम्ही स्वतः ग्रंथच वाचा, पण विहारात होतं तसा क्रमाने नाही. प्रस्तावना, मग पहिला खंड, मग जो विषय डोक्यात असेल तो, कारण ग्रंथ आठ खंडांत आणि परिच्छेदाला आकडे घालून रचलाय, कुठूनही उघडता येतो. इंग्रजी मूळ महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या वाङ्मयाच्या 11 व्या खंडात आहे, शंका आली की तिथे ताडून बघायचं. आणि 6 डिसेंबरला दादरला आलात तर पुस्तकांच्या स्टॉलसाठी वेगळा वेळ ठेवा, तिथे जे मिळतं ते शहरातल्या मोठ्या दुकानात दिसत नाही.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी बुद्धाचा फोटो आणि एक सुविचार येतो. ‘राग धरणं म्हणजे आपण विष पिऊन दुसरा मरायची वाट बघणं’, ‘तुझ्या बुद्धीला पटेल तेवढंच मान’ असे. हे खरंच बुद्धांचे का? फॉरवर्ड करावं की नको?

उत्तर : विषवालं नाही, पाली साहित्यात ते कुठेच नाही. त्याच्या जवळ जाणारं एक आहे, विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात, की रागावलेला माणूस दुसऱ्याला मारायला हातात पेटता निखारा घेतो आणि आधी स्वतःचाच हात भाजून घेतो. पण ते बुद्धघोष या आचार्यांचं, म्हणजे बुद्धांनंतर हजारएक वर्षांनी लिहिलेलं. (योगायोग असा की याच विसुद्धिमग्गाच्या हार्वर्डच्या आवृत्तीसाठी कोसंबी अमेरिकेला गेले होते.)

दुसरं अर्धवट आहे. मूळ केसपुत्त गावातल्या कालाम लोकांना सांगितलेलं सुत्त. त्यांची तक्रार अशी की एक साधू येतो, आपलंच खरं म्हणतो, दुसऱ्याला नावं ठेवतो, मग दुसरा येतो तोही तेच करतो, आम्ही कुणाचं ऐकायचं? बुद्ध म्हणाले ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, हा आपला गुरू आहे म्हणूनही नको. इथपर्यंत ग्रुपवर येतं. पण त्याच यादीत नुसत्या तर्काने पटतंय म्हणून नको आणि आपल्या आधीच्या मताशी जुळतंय म्हणूनही नको असंही आहे, ते सोयीस्करपणे गाळलं जातं! कसोटी त्यांनी दिलीय ती वेगळीच, की हे वागण्यात आणलं तर लोभ, द्वेष, मोह वाढतो की कमी होतो, कुणाचं नुकसान होतं का, शहाणी माणसं त्याला काय म्हणतात, हे स्वतः तपासून बघा आणि मग धरा किंवा सोडा. अंगुत्तरनिकायात आहे, थोडकंच आहे, अख्खं वाचा आणि वाटलं तर अख्खंच फॉरवर्ड करा, कुणी वाचणार नाही पण तुमचं वाचून होईल.

अशी छोटी सुत्तं वाचायची सवय लागली तर पुढचं सिगालोवाद घ्या, ते संसारी लोकांसाठी आहे, आईवडील, शिक्षक, नवराबायको, मित्र, नोकरचाकर, श्रमण, कुणाशी कसं वागायचं ते सहा दिशांच्या रूपाने सांगितलंय. सुत्तांत एकच वाक्य पुन्हापुन्हा येतं त्याने कंटाळू नका, शेकडो वर्षं हे तोंडपाठ चालत आलं, लिहून ठेवलं ते इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत, पाठांतरासाठीच ती रचना आहे. दुसऱ्यांदा तेच आलं की नजर पुढे न्यायची.

प्रश्न : इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला नाव घातलंय. आधी काही वाचून जाऊ का? सोबत पुस्तकं न्यावीत का?

उत्तर : तिथे वाचायला म्हणून नेऊ नका, ठेवूनच घेतात. शिबिरात वाचन, लेखन, फोन सगळं बंद असतं आणि बोलणंही. आधी वाचलंच पाहिजे असं काही नाही, रोज संध्याकाळच्या रेकॉर्ड केलेल्या प्रवचनात समजावलं जातं. फार वाचून गेलेला माणूस पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा सोडून वाचलेलं जुळवत बसतो. पंचशील म्हणजे काय ते तेवढं माहीत करून घ्या कारण तिथे ते पाळायचं असतं. पुस्तक घेताय तर परतीच्या प्रवासासाठी बॅगेत ठेवा, शिबिर संपल्यावर सामान परत मिळतं.