म्हाताऱ्या कोंबड्या कापल्या, पण मटण चामड्यासारखं का?

प्रश्न: परसातल्या तीन वर्षांच्या अंड्याच्या कोंबड्या आता अंडी देत नाहीत म्हणून एक कापली, लगेच शिजवली तर चावता चावेना. बाकीच्यांचं काय करू?

उत्तर: आधी खात्री करा की त्या खरंच थांबल्यात, कारण पिसं गाळताना किंवा खुडूक (अंड्यांवर उबवायला बसलेली) असताना पण अंडी बंदच असतात. कोंबडी उचलून शेपटीखालची दोन हाडं चाचपा, मधे दोन-तीन बोटं बसली तर ती अजून अंडी देतेय, जेमतेम एक बसलं आणि तुरा पण फिका सुकलेला असेल तर बंद. औषध चालू असेल तर त्याचा वर्ज्य काळ (औषधानंतर जितके दिवस मांस खायचं नसतं तो) संपेपर्यंत थांबाच.

आदल्या रात्री दाणा बंद, पाणी मात्र ठेवायचं. पिसं काढायला पाणी ६३-६५ अंशांचं, मिनिटभर पुरे, उकळतं घेतलं की कातडी फाटते. आतडी काढताना ती हिरवी पित्ताची पिशवी फोडू नका, कडूपणा जात नाही हो मग. आत बिनकवचाचे पिवळे बलक सापडले तर घाबरू नका, खाता येतात, फक्त नीट शिजवा (आणि हो, म्हणजे ती अजून अंडी देत होती!).

आता तुमची खरी अडचण. कापल्यावर काही तासांत अंग ताठरतं, त्यात शिजवलं की वातडच लागणार, म्हणून फ्रिजमधे एक-दोन दिवस ठेवा, मांडी हलवून सैल लागली की घ्या. तरी भाजायच्या भानगडीत पडूच नका, मंद आचेवर भरपूर पाण्यात दोन-तीन तास, नाहीतर सरळ प्रेशर कुकर. रस्सा मात्र कोवळ्या ब्रॉयलरपेक्षा कितीतरी दाट चवीचा होतो.